राजा गोसावी: नायक की विनोदी नट?

शनिपारकर

नमस्कार मंडळी.

परवा पुण्यात मराठी चित्रपटांतल्या विनोदावर एक कार्यक्रम ऐकला. दोन तास छान रंगला. दामूअण्णा मालवणकरांपासून सुरुवात झाली, तिथून उडी थेट दादा कोंडक्यांवर, मग अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे. मधली वीसेक वर्षं गाळलीच. राजा गोसावींचं नाव एकदाच आलं, तेही "राजा गोसावी वगैरे" असं. त्या 'वगैरे'नं मी घरी येईपर्यंत अस्वस्थ होतो.

१९५२ चा 'लाखाची गोष्ट' आठवा. दिग्दर्शक राजा परांजपे, कथा-गीतं गदिमांची, संगीत बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं, आणि पडद्यावर राजा गोसावी. पुढे 'गंगेत घोडं न्हालं', 'गाठ पडली ठका ठका', 'आंधळा मागतो एक डोळा'. या माणसानं नायकाचा मित्र, घरगडी, तोतरा कारकून अशी कामं करत हसवलं नाही. हा स्वतः नायक होता. गोष्ट त्याची, नायिका त्याची, गाणं त्याचं आणि फजितीही त्याचीच.

तरीही नायकांची यादी निघाली की लोक रमेश देव, सूर्यकांत, अरुण सरनाईक म्हणतात, आणि विनोदी नटांची निघाली की दादा आणि अशोकमामा. हा माणूस दोन्ही पंगतींतून उठवला गेला. २०२५ मध्ये जन्मशताब्दी होती, तीही माझ्या आसपास कुणाला ठाऊक नव्हती.

माझा साधा प्रश्न: राजा गोसावींना तुम्ही काय म्हणाल? नायक की विनोदी नट? आणि का?

नव्यापेठेतली

विनोदी नायक. झालं की. दोन्ही पंगतींत पान मांडा.

धायरीफाटा

मी पस्तिशीचा. खरं सांगतो, मला राजा परांजपे आणि राजा गोसावी एकच वाटायचे. हा धागा वाचून गुगल केलं.

चिमणचारा

@धायरीफाटा, तुमचा दोष नाही. राजा परांजपे, राजा गोसावी, राजा नेने, राजा ठाकूर, राजा मयेकर. मराठी पडद्यावर आणि रंगभूमीवर एवढे राजे होते, की प्रजेला सगळे मिळून एकच वाटणार.

जुना_पिट

वय ८१. नातवाकडून टाइप करून घेतोय, तेव्हा चुका त्याच्या.

शनिपारकर, तुम्ही मूळ पुणेरी गोष्ट लिहायची राहिलात. हा माणूस आपल्या भानुविलास टॉकीजमध्ये बुकिंग क्लार्क होता. 'लाखाची गोष्ट' तिथे लागला आणि स्वतः नायक असलेल्या चित्रपटाची तिकिटं त्यानं स्वतःच्या हातानं खिडकीतून विकली. आमच्या लहानपणी घरोघरी ही गोष्ट सांगत.

आताच्या पोरांना तिकीटखिडकी म्हणजे काय हे सांगावं लागेल. भिंतीला एक कमानीसारखं भोक, हात जेमतेम आत जाईल एवढं. आतल्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही. दिसायचे दोन हात आणि लाल-निळी पेन्सिल. खुर्च्यांचा तक्ता छापलेला कागद असायचा, त्याला 'प्लॅन' म्हणत. विकलेल्या खुर्चीवर तो माणूस फुली मारायचा, तिकिटाच्या मागे नंबर घालायचा, चर्रकन फाडून सुट्या पैशांसकट बाहेर सरकवायचा. तुम्ही "दोन बाल्कनी" म्हणायचं, हात पुढे यायचे आणि मागे जायचे.

म्हणजे विचार करा, ज्याला बघायला रांग लागलीय त्याचेच हात रांगेतल्या प्रत्येकाला दिसताहेत, फक्त चेहरा दिसत नाही.

पर्वतीपायथा

@जुना_पिट काका, अंगावर काटा आला. 'प्लॅन' हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

अबकड

मी थोडा विरोधी सूर लावतो. ही तिकिटाची गोष्ट मीही लहानपणापासून ऐकतोय आणि ती इतकी गोड आहे की माणसाच्या अभिनयाबद्दल कुणी बोलतच नाही. गरिबीतून वर आला, तिकिटं विकली, धन्य धन्य. ठीक आहे. पण पडद्यावर काय केलं?

माझं मत: 'लाखाची गोष्ट' आणि त्यानंतरची सात-आठ वर्षं उत्तम. पुढे तोच गोंधळलेला नवरा, तोच भाबडा भाडेकरू, तेच डोळे मोठे करणं. 'काका मला वाचवा' (१९६७) च्या सुमारास मला तरी तोचतोचपणा जाणवतो. म्हणून यादीतून गळले असतील. लोक विसरले त्याला काही कारण असतं.

कोल्हापुरी_ठसका

@अबकड, लोक विसरले त्याला कारण त्या चित्रपटांच्या धड प्रिंटा बघायला मिळत नाहीत हे आहे. अशोक सराफ रोज दुपारी कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर असतात. १९५५ चा कृष्णधवल चित्रपट दुपारी कोण लावतो?

आणि पुणेकरांनो, सगळं श्रेय भानुविलासला देऊ नका. सुरुवात आमच्याकडे आहे. माणूस मूळचा सातारा जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचा, पण शिरला तो मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये. ऑफिसबॉय म्हणून. मग पडेल ते काम: सुतारकामाला हात लाव, दिवे धर, मेकअपच्या खोलीत मदत कर. कंपनी कोल्हापुरातून मुंबईला गेली तसा तोही गेला. त्याच कंपनीत तेव्हा पगारावर एक कोवळी मुलगी होती, छोटी छोटी कामं करणारी. तिचं नाव लता मंगेशकर.

नव्यापेठेतली

अगंबाई! म्हणजे एकाच ठिकाणी चहा देणारा मुलगा आणि ती मुलगी.

कोल्हापुरी_ठसका

चहा दिला का ते मला माहीत नाही ताई, पण हो, एकाच कंपनीत.

विंगेतला

अबकड यांनी विचारलंय "पडद्यावर काय केलं". त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. थोडं लांबेल.

मास्टर विनायक १९४७ मध्ये गेले. राजा गोसावींनी दामूअण्णा मालवणकरांच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टरचं, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेले शब्द पुरवण्याचं काम केलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या विनोदाचं मूळ तिथे आहे, तिकीटखिडकीत नाही.

मी स्वतः तीन वर्षं प्रॉम्प्टर होतो. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाला, नंतर एका हौशी संस्थेत. कामं कधी मिळाली नाहीत, आवाज बारीक होता म्हणून पुस्तक हातात दिलं. विंगेत स्टुलावर बसायचं. लाल कागद गुंडाळलेली बॅटरी, मांडीवर वही, ओळीखाली बोट. पहिल्या आठवड्यात मी एक चूक रोज करायचो: नट थांबला की शब्द सोडायचो. एकदा आमचे ज्येष्ठ नट अंक संपल्यावर विंगेत येऊन म्हणाले, "अरे, मी विसरलो नव्हतो. मी थांबलो होतो."

त्या दिवसापासून मी ओळींऐवजी थांबे पाठ करायला लागलो. कुठला थांबा नटाचा आणि कुठला विसराळूपणाचा, हे छातीच्या हालचालीवरून कळतं. विसरलेल्या माणसाचा श्वास वर अडकतो. थांबलेल्याचा खाली असतो. आणि हशा! हशा आला की लगेच पुढचं वाक्य टाकायचं नाही, पण पूर्ण विझूही द्यायचा नाही. चढून उतरायला लागला की टाकायचं. विंगेतून हे जितकं स्वच्छ ऐकू येतं तितकं रंगमंचावरच्यालाही येत नसेल.

आता दामूअण्णांसारख्या माणसाला रोज विंगेतून बघण्याची कल्पना करा. 'भावबंधन'मधला कामण्णा म्हणजे दामूअण्णा. 'लग्न पहावं करून' आणि 'सरकारी पाहुणे' मधला चिमणराव म्हणजे दामूअण्णा. डोळा तिरळा, त्या डोळ्याचंही त्यांनी भांडवल केलं. पण गोसावींनी त्यांची नक्कल केलेली दिसत नाही. त्यांनी घेतला तो थांबा.

'लाखाची गोष्ट' आवाज बंद करून पाच मिनिटं बघा. समोरचा बोलत असताना गोसावी काही करत नाहीत. ऐकतात. मग मान तसूभर वळते, नजर एकदा दाराकडे जाते, परत येते, आणि तेव्हा ओठ हलतात. अबकड म्हणतात "डोळे मोठे करणं". डोळे मोठे व्हायच्या आधीचा अर्धा सेकंद बघा. सगळं तिथे घडतं.

शनिपारकर

विंगेतला, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. "मी विसरलो नव्हतो, मी थांबलो होतो" हे मनात राहील. आवाज बंद करून आज रात्रीच बघतो.

अबकड

@विंगेतला, मान्य. थांब्याचा मुद्दा मला सुचला नव्हता. नंतरच्या चित्रपटांतल्या तोचतोचपणाबद्दल मात्र मी ठाम आहे. थांबा कितीही सुरेख असला तरी त्याच्या पुढे-मागे चांगलं वाक्य लागतं. गदिमा लिहीत होते तोवर ते मिळत होतं.

मुळाकाठ

अवांतर: त्या काळच्या विनोदी चित्रपटांची नावं बघितलीत का? 'गंगेत घोडं न्हालं', 'आंधळा मागतो एक डोळा', 'गाठ पडली ठका ठका', 'झाकली मूठ', 'आलिया भोगासी', 'दिसतं तसं नसतं'. म्हणींचं पुस्तक उघडायचं, बोट ठेवायचं आणि मुहूर्ताचा नारळ फोडायचा.

चिमणचारा

'अति शहाणा त्याचा बैल रिकामा'. नायक: मी. बैल: आमचे साहेब.

धायरीफाटा

'उंटावरचा शहाणा'. चित्रीकरण सारसबागेत.

पर्वतीपायथा

सारसबागेत गणपती आहे हो, उंट कुठे?

मुळाकाठ

शहाणा पुण्यात मिळेल, उंट बाहेरून आणू.

मीनाक्षी_कर्वेनगर

हसू आलं, पण मला यात एक खरी गोष्ट दिसते. म्हण ही सगळ्यांची असते. गावातल्यालाही कळते, वाड्यातल्यालाही. त्या चित्रपटांतली माणसंही तशीच असायची, नोकरी शोधणारी, खोली शोधणारी, लग्न जमत नसलेली. माझे वडील १९५० च्या दशकात नोकरीसाठी पुण्यात आले. सदाशिव पेठेत एका वाड्यात तिघे मित्र एका खोलीत राहायचे, एकच बरा कोट, मुलाखत असेल तो घालून जायचा. ते म्हणायचे, "राजा गोसावी पडद्यावर आला की वाटायचं, आज कोट यानं नेलाय."

'लाखाची गोष्ट'मध्ये दोघा कफल्लक मित्रांपुढे अट काय ठेवली जाते? लाख रुपये उडवून दाखवायचे. ज्याला पुढच्या जेवणाची भ्रांत त्याला पैसे खर्च करायची परीक्षा! आणि जुना_पिट काकांनी सांगितलेल्या खिडकीतल्या त्या हातांचा विचार करा. दिवसभर सुटी नाणी मोजून परत करणारे हात पडद्यावर लाख रुपये उधळताहेत. मला नाही वाटत की तिकिटाची गोष्ट आणि अभिनय वेगळे काढता येतील, अबकड. पै-पैचा हिशोब ठेवलेल्या माणसालाच नोटांच्या चळतीकडे तसं घाबरून बघता येतं.

जुना_पिट

पोरी, तुझे वडील बरोबर बोलले. (हे नातवानं नाही, मी सांगितलं.)

खडकीवाला

या चित्रपटाबद्दल बोलतोय आणि गाण्यांचा उल्लेख नाही? 'त्या तिथे, पलिकडे, तिकडे' हे मालती पांडे यांच्या आवाजातलं. 'डोळ्यांत वाच माझ्या'. रेखा आणि चित्रा या बहिणी याच चित्रपटातून पडद्यावर आल्या. आणि गदिमा स्वतः नायकाचे मित्र म्हणून काम करतात! गाणी लिहायची, गोष्ट लिहायची, वर तोंडाला रंग लावून उभं राहायचं.

कोल्हापुरी_ठसका

@खडकीवाला, गदिमाही कंपनीतलेच. मास्टर विनायकांच्या तालमीतली माणसं सगळीकडे आहेत.

नव्यापेठेतली

भानुविलास आता नाही ना? आमच्या पिढीनं फक्त नाव ऐकलं.

जुना_पिट

नाही. भानुविलास गेलं, मिनर्व्हा गेलं. हिंदविजयचं नटराज झालं, मग तेही गेलं. मंडईतलं आर्यन तर पुण्यातलं सगळ्यात जुनं, त्याच्या नावाचं आता वाहनतळ आहे. १९३४ साली सुरू झालेल्या प्रभातचं पुन्हा किबे लक्ष्मी झालं. बरं वाटतं की ते निदान उभं आहे.

पर्वतीपायथा

आर्यनमध्ये मी दर रविवारी गाडी लावतो आणि भाजी आणतो. ते थिएटरचं नाव आहे हे आज कळलं. चाळीस वर्षं पुण्यात राहून.

अबकड

विषय भरकटतोय, पण गोड भरकटतोय, म्हणून बोलत नाही.

रंगपट_२

मी यांना रंगमंचावर पाहिलंय, म्हणून लिहिते. १९८० च्या दशकात. तोवर चित्रपटांची हवा बदलली होती. १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून दादांनी पिटातल्या प्रेक्षकाला त्याच्या भाषेत हसवायला सुरुवात केली होती आणि मध्यमवर्गीय खोलीतला तो सभ्य गोंधळ मागे पडला होता. राजा गोसावींनी कुरकुर न करता नाटकांचे दौरे केले. मी पाहिलं ते 'करायला गेलो एक'.

काय आठवतं? तोंडातली वाक्यं आठवत नाहीत. आठवतो एक प्रवेश, ज्यात ते खुर्चीवर बसतात. नुसते बसतात. खुर्चीजवळ येतात, बसायला वाकतात, कुणीतरी हाक मारतं, उठतात. पुन्हा वाकतात, पुन्हा हाक. तिसऱ्यांदा हाक आलीच नाही, आणि ते तसेच अर्धवट वाकलेले हाकेची वाट बघत राहिले. मागे शेंगदाण्याची पुडी उघडल्याचा आवाज ऐकू आला, एवढी शांतता. मग थिएटर फुटलं. माझी आजी हसून हसून पदर तोंडाला लावून रडत होती.

विंगेतला यांचा प्रतिसाद वाचून आज कळलं की तो थांबा होता.

विंगेतला

रंगपट_२, तुमचा हेवा वाटतो. मनापासून.

खडकीवाला

त्यांना 'मराठीतला डॅनी के' म्हणायचे ना? डॅनी के म्हणजे तो अमेरिकी विनोदी नट.

मीनाक्षी_कर्वेनगर

म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. प्रेमानं म्हणत असतील, पण सिद्धेश्वर कुरोलीच्या मुलाला अमेरिकेचं माप कशाला?

शनिपारकर

+१००

अबकड

दादांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, मला ती फार चटका लावते. राजा गोसावी २८ फेब्रुवारी १९९८ ला गेले. दादा कोंडके १४ मार्च १९९८ ला. बरोबर चौदा दिवस. एकानं सभ्य घरातल्या माणसाला हसवलं, दुसऱ्यानं त्या घरात येऊ न दिलेल्या माणसाला. दोघं एका पंधरवड्यात गेले. मला आठवतंय, दादांच्या बातमीत पहिली बातमी विरून गेली. कदाचित विसरण्याची सुरुवात तिथेच झाली असेल. तोचतोचपणाबद्दलचं माझं वाक्य जरा मागे घेतो. सगळं नाही, अर्धं.

रंगपट_२

आणि गेले कसे तेही लिहा. प्रयोगापूर्वी मेकअप करत असताना हृदयविकाराचा झटका आला. वयाची त्र्याहत्तरी जवळ आलेली आणि माणूस रंग लावायला आरशासमोर बसलेला. विनायकांच्या कंपनीत मेकअपच्या खोलीत मदतनीस म्हणून उभा राहिलेला मुलगा.

नव्यापेठेतली

यावर काही लिहवत नाही.

तळ्यातमळ्यात

उशिरा आलो. शरद तळवलकरांवर पण एक धागा काढा कुणीतरी. तेही पुण्याचेच. 'धूमधडाका'मधले धनाजीराव वाकडे एवढीच ओळख राहिलीय त्यांची, आणि १९८५ च्या आधी त्यांनी किती काम केलंय.

शनिपारकर

@तळ्यातमळ्यात, नक्की. पुढच्या आठवड्यात तुम्हीच काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

आता मूळ प्रश्नाकडे. आवाज बंद करून चित्रपट बघितला. पाच मिनिटं ठरवली होती, पाऊण तास बघत बसलो. बायको म्हणाली, टीव्ही बिघडलाय का. मग तीही बसली. विंगेतला, ती दाराकडे जाऊन परत येणारी नजर सापडली. एकदा सापडल्यावर प्रत्येक प्रसंगात दिसायला लागली.

आज सकाळी वडिलांना फोन केला. ते ८६ वर्षांचे आहेत, चिंचवडला भावाकडे असतात. त्यांना हाच प्रश्न घातला: राजा गोसावी नायक की विनोदी नट? त्यांना प्रश्नच कळेना. दोनदा सांगावा लागला. मग म्हणाले, "आम्ही सिनेमाचं नाव कुठे विचारायचो? राजा गोसावीचा लागलाय का, एवढं विचारायचो आणि सायकल काढायचो."

मला वाटतं, ज्याच्या नावावर सायकल निघते तो नायक. कुणाचं वेगळं मत असेल तर जरूर लिहा.

अबकड

नाही. सायकलपुढे मी हरलो.

मुळाकाठ

रविवारी कुणाकडे तरी जमून 'लाखाची गोष्ट' बघायचा का? माझ्याकडे कोथरूडला मोठा पडदा आहे. आठ-दहा जण आरामात बसतील.

नव्यापेठेतली

मी येते. भेळ माझ्याकडून.

रंगपट_२

मी आईला घेऊन येईन. जिना किती आहे?

मुळाकाठ

लिफ्ट आहे ताई. बिनधास्त आणा.

जुना_पिट

आजोबांना मी घेऊन येतोय. - नातू. ते विचारताहेत, तिकिटं कोण फाडणार.

विंगेतला

काकांनीच फाडावीत. मी 'प्लॅन' काढून आणतो, लाल-निळी पेन्सिल घरात आहे.